हरलेला डाव खेळावा की सोडावा?

श्रोतेहो, एक कबुली देऊनच सुरुवात करतो. रात्री जेवणानंतर मी मोबाईलवर बुद्धिबळ खेळतो. समोरचा गडी कोण, कुठला, काही ठाऊक नसते. परवा १० मिनिटांच्या अशाच एका डावात माझा वजीर गेला. घड्याळात अजून ६ मिनिटे होती. मी काय केले, तर मोबाईल टेबलावर ठेवला आणि सुपारी कातरत बसलो. म्हटले, कंटाळून जाईल निघून! भाचा शेजारीच होता. तो म्हणाला, "मामा, खेळा, नाहीतर डाव सोडा. त्या माणसाला ताटकळत काय ठेवता?"

पोरगा बोलला ते खरे होते.

आता पुष्कळांचे म्हणणे असे की, हार दिसताच डाव सोडावा. पुढे खेळत बसणे हा समोरच्याचा अपमान. मोठ्या खेळाडूंत तो रिवाज आहेच. १९७२ साली रेक्याविक येथे जगज्जेतेपदाचा २१ वा डाव अर्धवट राहिला होता. तो वाचत नाही हे ओळखून स्पास्कीने टेलिफोनवरूनच हार कळवली आणि फिशर जगज्जेता झाला. पण तो स्पास्की, आणि समोर फिशर! आपल्या-तुपल्या डावात एक वजीर जास्त असलेला गडीसुद्धा घाईघाईत राजाला असा कोंडतो की शह नाही, पण हलायला घरही नाही. झाला डाव बरोबरीत. मात करता येते हे त्याने करून दाखवावे, एवढेच आपण म्हणतो. यात अपमान कसला? शाळेतल्या मुलांना तर, गुरुजी, डाव सोडायला इतक्यात शिकवूच नका. मात खाता खाताच मात करणे समजते.

आणि थोरांचे तरी काय सांगावे! २०२५ च्या जूनमध्ये नॉर्वेत १९ वर्षांचा गुकेश कार्लसनपुढे हरत आला होता. तो चिवटपणे खेळत राहिला. वेळेच्या ओढाताणीत कार्लसन चुकला आणि डाव गुकेशने जिंकला. कार्लसनने टेबलावर मूठ आपटली. लगेच माफीही मागितली.

तेव्हा खेळत राहणे निराळे आणि घड्याळ जाळत बसणे निराळे. समोरासमोर पट मांडला म्हणजे असे करायला जीव धजत नाही, समोर त्याचे डोळे असतात. मोबाईलवर तोंडच दिसत नाही! दर दोन खेळ्यांनी बरोबरीची याचना करणे, हेही त्यातलेच. समोरच्याची वेळ संपेल या आशेवर झटपट खेळणे मात्र गैर नव्हे, तोही खेळाचाच भाग. अर्थात आपल्याजवळ नुसता राजा उरला असेल, तर त्याची वेळ संपूनही नियमाने बरोबरीच पदरात पडते. आणि जिंकणाऱ्यानेही, मात समोर दिसत असता, नवेनवे वजीर करून दुसऱ्याला नाचवू नये. हा माझा खाजगी राग समजा हवा तर.

असो. सुपारी ठेवून मी मोबाईल उचलला. ४ मिनिटे उरली होती. तो गडी अजून बसून होता. आणखी बारा खेळ्यांत त्याने मला मात दिली, आणि ताबडतोब दुसऱ्या डावाचे आमंत्रण धाडले.