उठेनासा झालेला संगणक

घरांतील माणूस अंथरुणाला खिळलें, तर आपण धीर धरून वैद्याला बोलावतों. परंतु घरांतील संगणक एके सकाळीं उठेनासा झाला, म्हणजे भलीं शहाणीं माणसेंही "गेला!" असें म्हणून मोकळीं होतात. श्रोतेहो, हा उतावळेपणा किती महागांत पडूं शकतो, तें मी घरच्याच एका अनुभवावरून सांगणार आहें.

आमच्या वहिनींच्या घरीं कै. दादांचा एक जुना संगणक आहे. आमच्या आईनें जात्यावर म्हटलेल्या ओव्या दादांनीं हौसेनें ध्वनिमुद्रित करून त्यांत ठेवल्या होत्या. आतां आई नाहीं, दादाही नाहींत, आणि त्या ओव्यांची दुसरी प्रत कोठेंही नव्हती. एके दिवशीं संगणक सुरू केला, तों काळ्या पडद्यावर 'ऑपरेटिंग सिस्टिम सांपडत नाहीं' अशा अर्थाची एकच ओळ उमटली. दुरुस्तीस बोलावलेल्या गृहस्थांनीं निकाल दिला, "सगळें पुसून नव्यानें भरावें लागेल." वहिनींनीं मला विचारलें, "भावोजी, पुसल्यावर ओव्या राहतील का हो?"

माझ्या पुतण्यानें लिनक्स मिंट या प्रणालीची डीव्हीडी तयार केली. या प्रणालीचा मोठा गुण असा, कीं ती हार्ड डिस्कवर कांहीं न लिहितां केवळ डीव्हीडीवरूनच चालते, आणि मग आंतील फाइली बाहेर काढून घेतां येतात. परंतु डीव्हीडी घातली, तरी पडद्यावर पुन्हां तीच ओळ!

येथें क्षणभर थांबून संगणक जागा कसा होतो, तें पाहूं. वीज मिळतांच प्रोसेसर प्रथम मदरबोर्डावरील चिपमध्यें लिहून ठेवलेली आज्ञावली वाचतो. जुन्या यंत्रांत तिला बायोस म्हणतात, नव्यांत युईएफआय. ती प्रथम अवयवांची झडती घेते आणि मग ठरलेल्या क्रमानें एकेका दारावर थाप मारते: हार्ड डिस्क, डीव्हीडी, यूएसबी. ज्या दारांतून योग्य उत्तर येईल, त्याच्या हातीं पुढील कारभार जातो. यालाच 'बूट होणें' म्हणतात. तेव्हां डीव्हीडीवरून यंत्र सुरू झालें नाहीं, तर विचारावयाचे मुख्य प्रश्न दोनच. तिच्या दारावर थाप पडली का? आणि पडली असेल, तर आंतून उत्तर कां आलें नाहीं?

पहिला प्रश्न सोडविणें सोपें आहे. संगणक सुरू होतांच एफ२, एफ१२ किंवा डिलीट यांसारखी एखादी कळ दाबली, म्हणजे दारांची यादी पुढें येते. कळ कोणती, तें बहुधा पडद्यावरच क्षणभर दिसतें. त्या यादींत डीव्हीडी ड्राइव्हचें नांवच नसेल, तर दोष केबलींत किंवा ड्राइव्हमध्यें शोधावा. विंडोजच्या डीव्हीडीबाबत आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ती 'कोणतीही कळ दाबा' असें सांगून कांहीं सेकंदच वाट पाहते. हातावर हात ठेवून बसणाऱ्यास ती मागें टाकून यंत्र हार्ड डिस्ककडे वळतें.

आम्हीं यादींतून डीव्हीडी निवडली. ड्राइव्हचा दिवा लुकलुकला, थोडी घरघर झाली, आणि पुन्हां तीच ओळ आली. थाप पडली होती, उत्तर नव्हतें. म्हणून तीच डीव्हीडी पुतण्याच्या संगणकांत घालून उघडली. आंत 'आयएसओ' अशा शेवटाची एकच फाइल! तेथेंच रोगाचें निदान झालें.

आयएसओ फाइल ही संपूर्ण तबकडीची प्रतिमा असते. १९९५ सालीं फीनिक्स आणि आयबीएम या कंपन्यांनीं 'एल टोरिटो' नांवाचा संकेत ठरविला. तबकडीवरील मजकूर २०४८ बाइटांच्या खंडांत असतो. शून्यापासून मोजल्यास सतराव्या खंडांत, येथून बूट कसें व्हावें, याची नोंद असावी लागते. पुतण्यानें प्रतिमा तबकडीवर उतरविण्याऐवजीं ती फाइलच नकलून ठेवली होती. त्यामुळें ती नोंद ठरल्या जागीं न येतां फाइलीच्या पोटांत राहिली. घराची किल्ली पेटींत घालून पेटी घरांतच कुलूपबंद करावी, तसा हा प्रकार!

प्रतिमा नीट उतरवूनही यंत्र हटून बसलें, तर उतरवून घेतलेली फाइल अखंड आहे का, तें पाहावें. प्रसिद्ध करणारे तिच्यासोबत ६४ अक्षर-अंकांची एसएचए-२५६ ही खूण देतात. आपल्या प्रतीची खूण तंतोतंत तीच निघाली पाहिजे. तबकडी मऊ फडक्यानें मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून नव्हे. ६४ बिटांची प्रणाली ३२ बिटांच्या प्रोसेसरावर चालत नाहीं, हेंही पाहावें. नव्या यंत्रांतील 'सिक्युअर बूट' हा पहारेकरी मान्य सही नसलेल्या प्रणालीस आंत घेत नाहीं. त्याला दूर करण्यापूर्वीं, हार्ड डिस्क बिटलॉकरनें कुलूपबंद असेल, तर तिची रिकव्हरी की हातीं असूं द्यावी.

आम्हीं नवी डीव्हीडी मंद गतीनें, प्रतिमा म्हणून लिहिली. या खेपेस मिंटचा पडदा उजळला. हार्ड डिस्क उघडतां आली, आणि ओव्यांचें दालन तेथें जसेंच्या तसें होतें. बाहेरील दोन ड्राइव्हांवर प्रती घेतल्या, त्या वाजवून पाहिल्या, आणि मगच नवी प्रणाली बसविण्यास हात घातला. वहिनी डोळे मिटून ऐकत होत्या. पुतण्यानें तर आजीचा आवाज प्रथमच ऐकला.

विंडोज १० चा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. तेव्हांपासून घरोघरीं जुन्या यंत्रांत नवी प्रणाली घालण्याचा विचार होणें साहजिक आहे. बसवितांना 'डिस्क पुसून टाका' असा एक पर्याय पुढें येतो. तो निवडण्यापूर्वीं, जें पुन्हां मिळणार नाहीं त्याची प्रत घेतली आहे का, एवढें स्वतःस विचारावें. यंत्र दुसरें घेतां येतें. जात्यावरचा तो आवाज दुसरा आणतां येत नाहीं.