अखेरचा निरोप : माणसाचा की रूढीचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



कार्यकर्त्याच्या निष्ठेची परीक्षा मोर्चात, तुरुंगात किंवा निवडणुकीत होते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु एक परीक्षा अशी आहे की तिला तो स्वतः हजर राहू शकत नाही. ती त्याच्या मृत्यूनंतरच्या चोवीस तासांत होते आणि उत्तरे त्याच्या वतीने इतरच देतात. ज्याने हयातभर भिक्षुकशाहीविरुद्ध लढा दिला, त्याच्या देहाभोवती मंत्र म्हटले जातात. ज्याने जातिभेदाशी उभा दावा मांडला, त्याला खांदा कोणी द्यायचा हे भावकी ठरवते. आणि जिने त्याच्या बरोबरीने संसार व चळवळ दोन्ही ओढली, तिच्या हातातल्या बांगड्या चार बायका मिळून फोडतात. यात कोणाचा दुष्टावा असतोच असे नाही. घर शोकाने सुन्न झालेले असते आणि सुन्न घरात रूढी निर्णय घेते, कारण तिच्याजवळ प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तयार असते. पुरोगामी म्हणवणाऱ्या घरात मात्र ते तयार नसते.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला, तेव्हा पुरोहिताच्या मध्यस्थीविना जन्म, विवाह आणि मृत्यू यांचे विधी करावेत, हा त्याच्या कार्याचा गाभा होता. गर्भापासून चितेपर्यंत आणि चितेनंतरही शेतकऱ्याची कमाई दक्षिणेच्या वाटेने कशी निघून जाते, याचा हिशेब जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मांडला. मृत्यूचा विधी हा त्यांच्या दृष्टीने अर्थकारणाचाही प्रश्न होता. आजही तेराव्याच्या जेवणासाठी कर्ज काढणाऱ्या घराला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

जोतीरावांनी स्वतःच्या निरोपाचा विचार आधीच करून ठेवला होता. आपला देह मिठात घालून पुरावा, अशी त्यांची इच्छा होती आणि त्यासाठी घरामागे खड्डाही खणून ठेवला होता. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले तेव्हा वस्तीत दफन करण्यास नगरपालिकेने परवानगी नाकारली आणि दहन करावे लागले. पण त्या दिवशीचा खरा प्रसंग वेगळाच होता. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून वाद निघाला. दत्तकपुत्र यशवंताच्या हक्काला भाऊबंदांनी हरकत घेतली. कारण जो टिटवे धरील तो वारस, असा त्यामागचा रिवाज. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या, त्यांनी टिटवे हाती घेतले आणि त्या अंत्ययात्रेच्या अग्रभागी चालल्या. स्त्रीने स्मशानाची वाट धरणेही निषिद्ध असलेल्या काळात घडलेली ही गोष्ट आहे. तिच्यातून एवढे स्पष्ट होते की अंत्यविधीत धर्माइतकीच मालमत्ता आणि पुरुषसत्ताही गुंतलेली असते. म्हणूनच तो बदलू पाहणाऱ्याला विरोध होतो.

दुसरे उदाहरण पंडित नेहरूंचे. १९५४ साली केलेल्या मृत्युपत्रात आपल्यासाठी कोणतेही धार्मिक विधी करू नयेत, असे त्यांनी निःसंदिग्धपणे लिहून ठेवले होते. मूठभर रक्षा गंगेत सोडावी, तीही धार्मिक भावनेने नव्हे, आणि उरलेली बरीचशी विमानातून देशाच्या शेतांवर विखरावी, असे त्यांनी सुचवले. मे १९६४ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर रक्षेबाबतची इच्छा पाळली गेली. परंतु दहनाच्या वेळी मंत्रघोष झालाच. देशाच्या पंतप्रधानाचे लेखी शब्दही जिथे पूर्णांशाने पाळले गेले नाहीत, तिथे गावोगावच्या कार्यकर्त्याने केवळ ‘घरच्यांना माहीत आहे’ या भरवशावर राहणे भोळेपणाचे ठरेल.

याउलट, इच्छा आणि आप्तांचा निर्धार एकत्र आले की काय होते, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. समाजवादी नेते मधु दंडवते नोव्हेंबर २००५ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाला देण्यात आला. बाबा आमट्यांना २००८ साली आनंदवनात, ज्या मातीत त्यांनी आयुष्य ओतले त्याच मातीत, दफन करण्यात आले. निरोप माणसाला साजेसा असावा म्हणजे काय, हे या दोन्ही घटना सांगतात. जगण्यात जे होते, तेच जाण्यातही दिसले.

तेव्हा प्रत्येक घराने काय ठरवावे?

पहिली गोष्ट देहाची. दहन, दफन की देहदान, हे लिहून ठेवावे आणि पत्नी, मुले, भाऊ यांच्यासमोर वाचून दाखवावे. देहदान करायचे तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाचा अर्ज हयातीतच भरावा. परंतु अर्ज भरला म्हणजे काम झाले, असे नाही. देह प्रत्यक्ष सोपवायचा तो नातेवाइकांनीच, आणि त्यांचे मन वळलेले नसेल तर अर्ज कपाटातच राहतो. शवविच्छेदन झालेला देह सामान्यतः स्वीकारला जात नाही, म्हणून दुसरा पर्यायही लिहून ठेवावा. नेत्रदान मृत्यूनंतर सुमारे सहा तासांत व्हावे लागते. तोवर पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, उशाला उशी द्यावी आणि पंखा बंद करावा. मृत्यूची नोंद १९६९च्या कायद्याप्रमाणे एकवीस दिवसांत करायची असते. ही जबाबदारीही कोणा एकावर सोपवून ठेवावी.

दुसरी गोष्ट मागे राहिलेल्या स्त्रीची. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. ठराव झाला तरी घरातली बांगडी घरातल्या माणसांनीच वाचवावी लागते. ‘माझ्यामागे हिचे कुंकू पुसू नये, मंगळसूत्र ओढू नये, अग्नी तिने किंवा मुलीने दिला तरी चालेल’ हे एक वाक्य पुरुषाने स्वतःच्या हाताने लिहून ठेवले, तर त्या दिवशी तिच्या बाजूने बोलणाऱ्याला आधार मिळतो.

तिसरी गोष्ट निरोपाच्या सभेची. कर्मकांड काढून टाकले आणि त्या जागी काहीच ठेवले नाही, तर घर पोरके वाटते आणि लोक पुन्हा जुन्या वाटेला जातात. शोकाला रूप लागते. म्हणून गेलेल्या माणसाचे जगणे समोर येईल अशी सभा घ्यावी. तो गिरणीत असेल तर सोबतचा कामगार बोलावा, ती अंगणवाडीत असेल तर तिच्या हाताखाली वाढलेली मुले बोलावीत. त्याने वापरलेली हत्यारे, खुणा केलेली पुस्तके, तिने शिवलेली गोधडी लोकांसमोर मांडावी. तिला आवडणारे गाणे तिच्या मैत्रिणींनी म्हणावे. नेत्यांची भाषणे थोडी आणि शेजाऱ्यांच्या आठवणी अधिक असाव्यात. माणसाला देव करू नये. त्याचा हट्टीपणा, त्याचा राग, त्याच्या चुका यांचाही उल्लेख मायेने व्हावा. मृताच्या नावाने पंगत घालण्याऐवजी शाळेला पुस्तके किंवा एका मुलीची फी द्यावी, पण तीही ऐपतीप्रमाणे.

इथे एक सावधगिरी हवी. नव्या निरोपाचाही बाजार होऊ शकतो. चौकातले फलक, भाड्याचे सभागृह, वर्तमानपत्रातली मोठी जाहिरात हे तेराव्याचेच नवे अवतार आहेत. शेजाऱ्याला जे परवडणार नाही, ते समाजवादी कार्यकर्त्याच्या घरी होऊ नये.

शेवटी, घरातल्या श्रद्धाळू माणसांचे काय? म्हातारी आई मुलाच्या मुखात गंगाजल घालू पाहते, तेव्हा तिचा हात धरण्याचा अधिकार कोणत्याही तत्त्वाला नाही. तिचे पाणी कोणाची अप्रतिष्ठा करत नाही. बांगड्या फोडणारा हात मात्र एका जिवंत माणसाची अप्रतिष्ठा करतो. आईचे सांत्वन सांभाळावे, विधवेचा अपमान थांबवावा. या दोहोंतला फरक ज्याला कळला, त्याला घरच्यांशी भांडावे लागत नाही, बोलावे लागते. आणि हे बोलणे आजारपणाच्या खाटेशी करण्यापेक्षा धडधाकट असताना, रात्रीच्या जेवणानंतर, सगळे घर एकत्र बसलेले असताना करावे. मृत्यूचे नाव घेतल्याने मृत्यू येत नाही. ते न घेतल्यामुळे मात्र अखेरचा शब्द रूढीचा होतो.