फडावरचे गणित

स्वागताध्यक्षाने गावाची थोरवी सांगावी, देणगीदारांची नावे घ्यावीत, जेवणाची वेळ जाहीर करावी आणि खाली बसावे, अशी रीत आहे. ती थोडी मोडण्याची परवानगी असावी. जळगाव-धुळ्याच्या शिक्षकांच्या या परिषदेचा विषय राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा हा आहे आणि त्यावर खान्देशाला स्वतःचे काही म्हणायचे आहे.

अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते. वसतिगृहही तेच सांभाळत. तिथल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ स्वतःच्या हाताने लिहून काढत. तेव्हा ना आराखडा होता, ना प्रशिक्षणाची लिंक, ना फोटो अपलोड करायची सक्ती. तरीही पाठ्यपुस्तकाच्या बाहेर जाणारे शिक्षण म्हणजे काय, हे त्या वसतिगृहातल्या पोरांना कोणी समजावून सांगायची गरज पडली नसावी.

देशपातळीवर हीच गोष्ट कागदावर यायला बराच काळ गेला. १९७५, १९८८, २००० असे आराखडे झाले. दरम्यान आर. के. नारायण यांनी राज्यसभेत दप्तराच्या ओझ्याचा विषय काढला आणि पुढे प्रा. यशपाल समितीने १९९३मध्ये ओझ्याविना शिक्षणाचा अहवाल दिला. त्याच यशपालांच्या अध्यक्षतेखाली २००५चा आराखडा तयार झाला. त्यासाठी विषयवार २१ अभ्यासगट बसले होते. त्याची पाच तत्त्वे डी.एड.च्या परीक्षेसाठी अनेकांनी तोंडपाठ केली आहेत: ज्ञान शाळेबाहेरच्या जगण्याशी जोडा, घोकंपट्टी थांबवा, पाठ्यपुस्तकाच्या पलीकडे जा, परीक्षा लवचीक करून वर्गातल्या कामाशी जोडा, आणि लोकशाहीत दुसऱ्याची काळजी वाहणारा नागरिक घडवा. घोकंपट्टी थांबवण्याचे तत्त्व घोकून पास झालेली पिढी आज या सभागृहात बसली आहे, हा विनोद कोणाच्या मनाला लागू नये.

मग २०२०चे शैक्षणिक धोरण आले, २०२२मध्ये पायाभूत स्तराचा आणि ऑगस्ट २०२३मध्ये शालेय शिक्षणाचा आराखडा आला. हा दुसरा दस्तऐवज सहाशे पानांच्या आसपासचा आहे. विवेकी आणि स्वतंत्र विचार, आरोग्य, लोकशाहीतला सहभाग, आर्थिक सहभाग, सांस्कृतिक सहभाग ही त्याने सांगितलेली शिक्षणाची उद्दिष्टे. शब्द मोठे आहेत. ते जमिनीवर कुठे उतरतात हे पाहायचे तर साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी जावे.

तिथली फड पद्धत काही शतकांपासूनची. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि पाटाखालच्या शिवाराचे तीन-चार फड. एका फडात एकच पीक, आणि ते दरवर्षी पुढच्या फडात सरकत जायचे. पाटकरी पाणी सोडणार, जागल्या राखण करणार आणि त्यांचा मोबदला सगळ्यांनी मिळून द्यायचा. शेतकऱ्याची जमीन बहुधा एकाहून अधिक फडांत विखुरलेली असे. त्यामुळे पाणी कमी पडले की एखादा फड कोरडा ठेवायचा आणि त्याची झळ सगळ्यांनी थोडी थोडी सोसायची. वरची धरणे आली, विहिरी वाढल्या, तशी ही घडी बऱ्याच ठिकाणी विस्कटली.

आता सातवीचा वर्ग त्या बंधाऱ्यावर उभा करावा. गुणोत्तर-प्रमाण तिथेच आहे: पाणी निम्मे झाले तर कोणाला किती? उसाला किती पाळ्या लागतात आणि बाजरीला किती? पीक का फिरवायचे हा विज्ञानाचा प्रश्न, घडी का विस्कटली हा इतिहास-भूगोलाचा, आणि शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचले नाही तर तक्रार कोणी ऐकायची, हा नागरिकशास्त्राचा. घरी आजोबांना विचारल्याशिवाय यातला एकही प्रश्न सुटत नाही. सहाशे पानांतली बहुतेक उद्दिष्टे एका सकाळीत येऊन जातात आणि खर्च होतो तो चपला चिखलाने भरण्याचा.

रावेर-यावलच्या शिक्षकाला पांझरेपर्यंत यायचीही गरज नाही. केळीचा पीकविमा हवामानावर चालतो. सलग ठरावीक दिवस पारा ठरावीक अंशाच्या खाली किंवा वर गेला की भरपाई लागू होते. नोंद महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर होते आणि बाग असते कोसभर लांब. थंडीत गारठलेल्या बागेवरून घरात जो वाद रंगतो, तो निव्वळ सांख्यिकीचा वाद असतो. आठवीच्या मुलांनी शाळेच्या आवारात तापमापी टांगून रोज पहाटेची नोंद ठेवली, केंद्राच्या आकड्यांशी ताडून पाहिली, आलेख काढला, तर सरासरी म्हणजे काय आणि सरासरी कुठे फसवते, हे त्यांना बापाच्या अर्जावरून कळेल. नव्या आराखड्यात सहावीपासून व्यवसाय शिक्षण आहे. सजीवांसोबतचे काम हा त्याचा एक भाग आहे, आणि केळीची कंदापासून घडापर्यंतची वाढ याहून चांगला धडा जळगावला कोण आणून देणार?

भाषेचा प्रश्न जास्त अवघड आहे. साक्री-शिंदखेड्याचे पोर पहिल्याच दिवशी सांगते, “मना बाप वावरमा गया.” गुरुजी दुरुस्त करतात, “माझे वडील शेतात गेले, असं म्हण.” पोर गप्प होते आणि पुढे बरेच दिवस गप्पच राहते. २०११च्या जनगणनेत अहिराणीसह खान्देशी म्हणून नोंदलेले भाषक अठरा लाखांहून अधिक आहेत. शिरपूर-चोपड्याच्या डोंगरपट्ट्यात पावरी आहे, भुसावळकडे लेवा गणबोली आहे. घटनेचे कलम ३५०-अ प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेच्या सोयीबद्दल बोलते, शिक्षण हक्क कायदाही शक्य तिथवर मातृभाषेचाच आग्रह धरतो, आणि पायाभूत स्तराचा आराखडा घरच्या भाषेला पहिले स्थान देतो. १६ एप्रिल २०२५च्या शासन निर्णयानंतर पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून महाराष्ट्र पेटला आणि २९ जूनला त्याबाबतचे निर्णय मागे घेतले गेले. त्या अडीच महिन्यांत अहिराणी, पावरी बोलणाऱ्या मुलाच्या पहिल्या भाषेवर किती चर्चासत्रे झाली?

बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. लेवा बोलीतल्या त्यांच्या कविता १९५२मध्ये पुस्तकरूपाने आल्या, पुढे पाठ्यपुस्तकात गेल्या आणि आता इथल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. ज्या बोलीतली कविता पाठ म्हणून दाखवल्यावर शाबासकी मिळते, त्याच बोलीत उत्तर लिहिले तर लाल शाई लागते. हा न्याय स्वागत समितीला पटत नाही. प्रमाण मराठी शिकवायचीच आहे, नेटाने शिकवायची आहे, पण पहिली-दुसरीत तिच्याकडे जाणारा रस्ता मुलाच्या घरावरून जायला हवा.

रस्ता मुलाच्या घरावरून न्यायचा, तर ऊसतोडीला गेलेल्या घरांची गोष्टही निघतेच. चाळीसगावकडच्या तांड्यांवरून दिवाळीनंतर गाड्या भरतात आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास माणसे परततात. मधली पाने त्या मुलांच्या वहीत कोरीच असतात.

इतके सगळे माहीत असूनही वर्ग बंधाऱ्यावर का जात नाही? शिक्षक आळशी आहेत म्हणून नव्हे. फडावर प्रश्न येणार नाही, पुस्तकातल्या धड्यावर येणार, हे मुलालाही ठाऊक असते आणि पालकालाही. २००५च्या पाच तत्त्वांपैकी परीक्षेचे चौथे तत्त्व अडले की उरलेली चारही तिथेच अडकून राहतात. नव्या धोरणाने समग्र प्रगतिपत्रक आणले आहे, सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले आहेत. ते दहा दिवस स्नेहसंमेलनाच्या तालमीत जाणार असतील तर सुचवून उपयोग नाही.

म्हणून स्वागत समितीने दोन ठरावांचा मसुदा परिषदेपुढे ठेवला आहे. पहिला: सहावी ते आठवीच्या प्रत्येक चाचणीत काही गुण तालुक्यातल्या शिक्षकांनी स्वतः काढलेल्या स्थानिक प्रश्नांना असावेत, आणि त्या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही गाईडात सापडू नयेत. दुसरा: पहिली-दुसरीच्या तोंडी मूल्यमापनात अहिराणी, लेवा, पावरीतले उत्तर बरोबर धरावे. पहिल्या ठरावाला मुख्याध्यापकांचा विरोध आहे, दुसऱ्याला काही भाषा शिक्षकांचा. दोन्ही बाजूंनी बोलायला नावे आली आहेत. दुपारच्या सत्रात प्रत्येकाला पाच मिनिटे मिळतील आणि घंटा वाजल्यावर माईक बंद केला जाईल.