माहिती ज्याची, उत्तर आधी त्याला



स्नातकहो, व्यवस्थापन माहिती प्रणालीचा पेपर तुम्ही केव्हाच सोडवून मोकळे झालात. मी आज पुन्हा त्याच विषयावर बोलणार आहे, कारण त्यात जेवढे गुण असतात त्याहून कितीतरी जास्त माणसांचं बरंवाईट त्या विषयावर अवलंबून असतं. उदाहरण आपल्याच भागातलं घेतो, सहकारी साखर कारखान्याचं. तुमच्यापैकी अनेकांच्या फीचे पैसे उसाच्या बिलातून आले असतील, तेव्हा हे उदाहरण तुम्हाला परकं वाटणार नाही.

पुस्तकात प्रणालींचे प्रकार एकाखाली एक छापलेले असतात. कारखान्यात ते एकाच्या पोटातून दुसरा असे निघतात, आणि सुरुवात होते ऊसनोंदीपासून. लागण झाली की शेतकी खात्याचा माणूस बांधावर येतो आणि लिहून घेतो: सभासदाचं नाव, गट नंबर, क्षेत्र, लागणीची तारीख, ऊस को 86032 आहे की दुसऱ्या जातीचा, आडसाली आहे, सुरू आहे की खोडवा. हंगाम लागला की याच नोंदीवरून तोडणीची चिठ्ठी निघते, टोळी फडात उतरते, ट्रॅक्टर केन यार्डात लागतो. काट्यावर आधी भरल्या गाडीचं वजन होतं, गव्हाणीत ऊस पडल्यावर रिकाम्या गाडीचं. निव्वळ वजनावर बिल, बिलातून विकास सोसायटीच्या कर्जाची कपात, उरलेली रक्कम खात्यावर. ही झाली व्यवहार नोंदवणारी प्रणाली. दिसायला ती सर्वांत साधी, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाची तीच. पुढे कितीही मोठा अहवाल तयार होवो, त्यातला जवळजवळ प्रत्येक आकडा अशाच कुणीतरी बांधावर, काट्यावर नाहीतर प्रयोगशाळेत लिहिलेला असतो.

त्या नोंदींची रोज बेरीज होते आणि सकाळी कार्यकारी संचालकांच्या टेबलावर दैनिक गाळप अहवाल येतो. काल किती टन गाळप झालं, साखर उतारा किती पडला, किती पोती साखर निघाली, मिल कशामुळे किती तास बंद राहिली, यार्डात किती गाड्या उभ्या आहेत. काटेकोर अर्थाने ज्याला व्यवस्थापन माहिती प्रणाली म्हणतात ती ही.

तिसरा प्रकार निर्णयाला मदत करणारा. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे. उद्या कुणाचा ऊस तोडायचा? लागणीच्या तारखेप्रमाणे क्रम लावला, तर एकाच तारखेचा ऊस सगळ्या रानांत सारखा पक्व झालेला नसतो. ब्रिक्स, म्हणजे रसाची गोडी, बघून क्रम लावला, तर टोळी आज या शिवारात आणि उद्या त्या शिवारात पळवावी लागते. तोडलेला ऊस उन्हात पडला की वजनही घटतं आणि साखरही, म्हणून यार्डात गाड्या तुंबूनही चालत नाहीत. आता पैशांकडे बघा. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्र सरकारने 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये एफआरपी (उसाचा किमान दर) ठरवली आणि त्यावरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46 रुपये जादा दिले. टनाला हे 34 रुपये 60 पैसे होतात. पाच लाख टन गाळणाऱ्या कारखान्याच्या शेतकऱ्यांसाठी उताऱ्यातला हा एक दशांश टक्का म्हणजे 1 कोटी 73 लाख रुपये. तोडणीच्या क्रमात एवढा पैसा दडलेला असतो. नोंदी खऱ्या असतील तर संगणक हा क्रम चांगला सुचवू शकतो. मात्र तो कोणत्या निकषावर लावला हे गावाला कळलं नाही, तर अमक्याच्या भावकीचा ऊस आधी गेला ही तक्रार उठणारच, आणि तिला खोटं म्हणण्याचा अधिकार कुणालाही उरणार नाही.

चौथा प्रकार संचालक मंडळासाठीचा. तिथे कारखान्याबाहेरची माहिती जास्त लागते. 7 डिसेंबर 2023 रोजी, गाळप भरात असताना, केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली आणि पुढे काही दिवसांतच ती अंशतः सैल केली. साखर किती करायची, मळी कुठे वळवायची, डिस्टिलरीच्या कर्जाचा हप्ता कशातून भरायचा, हे सगळं त्या आठवड्यात नव्याने मांडावं लागलं. ज्यांचे घरातले आकडे तयार होते, त्यांना ते लवकर मांडता आलं.

हार्वर्डच्या रॉबर्ट अँथनी यांनी 1965 मध्ये व्यवस्थापनाच्या तीन पातळ्या मांडल्या आणि तेव्हापासून आपण या विषयाचा पिरॅमिड काढत आलो: खाली नोंदी, मध्ये अहवाल, शेंड्यावर धोरण. दोनच वर्षांनी रसेल अ‍ॅकॉफ यांनी ‘मॅनेजमेंट मिसइन्फर्मेशन सिस्टिम्स’ हा लेख लिहिला. व्यवस्थापकाला माहितीच्या तुटवड्यापेक्षा बिनकामाच्या माहितीच्या ढिगाचा त्रास जास्त होतो, असं त्यांनी बजावलं. तो लेख मिळवून वाचा. साठ वर्षांत ढीग वाढलाच आहे.

पण या पिरॅमिडमध्ये मला आणखी एक उणीव दिसते. त्यातले सगळे बाण वर जातात. खालच्या माणसाने माहिती द्यायची, वरच्याने ती वापरायची. खाली परत काय येतं, हा प्रश्न परीक्षेत मी अजून पाहिलेला नाही.

वारणेच्या खोऱ्यात मात्र शेतकऱ्यांनी त्याचं उत्तर दिलेलं आहे. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकारी परिसरात 1998 मध्ये ‘वायर्ड व्हिलेजेस’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सुमारे 70 गावं संगणकांनी जोडायची आणि पीकसल्ल्यापासून बाजारभावापर्यंत सगळं गावातच द्यायचं, असं ते मोठं स्वप्न होतं. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाचे अभ्यासक तिथे गेले. गावातल्या केंद्रांचा वापर मुख्यतः एकाच गोष्टीसाठी होत होता: आपल्या उसाचा हिशेब. तोडणीचा परवाना, किती टन गेला, खत किती उचललं, बिल किती झालं. वीज बेभरवशाची, फोनची जोडणी मंद, संगणकांची देखभाल महाग. अभ्यासकांनी सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून पाहिला. तेच काम कमी खर्चात होऊ लागलं.

याला कुणी फसलेलं स्वप्न म्हणेल. मला ते पटत नाही. शेतकऱ्याने स्पष्ट सांगितलं की माझ्याकडून घेतलेल्या आकड्याचं पुढे काय झालं ते आधी मला कळू द्या, बाकीचा सल्ला नंतर. काटामारीच्या संशयाने आपल्याकडे किती आंदोलनं झाली हे तुम्ही पाहिलं आहे. गाडी काट्यावरून उतरताच सभासदाच्या मोबाइलवर वजन आलं, तर त्याला ते लगेच दुसरीकडच्या वजनाशी ताडून बघता येतं. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे 14 दिवसांत बिल मिळालं नाही तर 15 टक्के व्याज मागण्याचा त्याचा हक्क आहे. तारीख आणि वजन त्याच्या हातात नसेल तर हा हक्क तो कशाच्या आधारावर मागणार?

आणि खालच्या माणसाला आपली नोंद बघायचीच सोय नसली तर काय होतं, ते ब्रिटनने सोसलं आहे. तिथल्या पोस्ट ऑफिसने 1999 पासून फुजित्सु कंपनीची ‘होरायझन’ ही हिशेबाची प्रणाली गावोगावच्या शाखांत बसवली. या शाखा कराराने नेमलेले उपपोस्टमास्तर चालवत. प्रणाली दाखवू लागली की गल्ल्यात पैसे कमी आहेत. तूट भरून देण्याची जबाबदारी करारानेच त्यांच्यावर टाकलेली. ती कशी आली हे शोधायला लागणाऱ्या नोंदी त्यांना उघडता येत नव्हत्या, आणि फुजित्सुच्या लोकांना मात्र शाखेच्या खात्यांत दुरून शिरता येत होतं, हे पोस्ट ऑफिस वर्षानुवर्षं नाकारत राहिलं. संगणकाचा पुरावा बरोबरच आहे असं धरून चालण्याची रीत तिथल्या न्यायालयांत होती. 900 हून अधिक उपपोस्टमास्तर चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरले. भारतीय वंशाची एक उपपोस्टमास्तर 2010 मध्ये गरोदरपणी तुरुंगात गेली. कित्येकांनी घरं विकली, काहींनी जीव दिला. अ‍ॅलन बेट्स आणि त्यांच्या साथीदारांच्या दाव्यात 2019 मध्ये न्यायालयाने प्रणालीतले दोष मान्य केले, आणि उरलेल्या शिक्षा सरसकट रद्द करायला 2024 मध्ये संसदेला कायदा करावा लागला.

मुलांनो, त्या पोस्ट ऑफिसातही तुमच्यासारखे शिकलेले व्यवस्थापक होते. त्यांच्यासमोर तुटीचे अहवाल येत होते. वर्षानुवर्षं इमानाने काम केलेली इतकी माणसं एकाच काळात चोर कशी झाली, हे एखाद्याने नेटाने विचारायला हवं होतं. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत जास्त खंत त्याचीच वाटते. दोष कुठल्याही प्रणालीत राहू शकतो. पण अहवालावर विश्वास ठेवायचा आणि माणसावर ठेवायचा नाही, हे त्या व्यवस्थापकांनी स्वतः ठरवलेलं होतं.

तुम्ही आता कारखान्यात, बँकेत, दवाखान्यात, दूध संघात, पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांत जाल. तुमच्यासमोर रंगीत डॅशबोर्ड असतील आणि आता तर प्रश्न विचारला की उत्तर लिहून देणारी यंत्रंही असतील. माझी तुम्हाला एकच विनंती आहे. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तुमच्या अहवालातला एक आकडा निवडा आणि तो जिथे प्रथम लिहिला जातो तिथे स्वतः जा. काट्यावर जा, दूध संकलन केंद्रावर जा, गोदामाच्या दारात जा. तिथे नोंद करणाऱ्याला आणि ज्याची नोंद होते त्यालाही विचारा: ही नोंद तुम्हाला पुन्हा बघता येते का? चुकली तर दुरुस्त कुणाकडून करून घेता? त्यांच्याकडे उत्तर नसेल, तर तेवढी सोय करून द्या, आणि मगच वरच्यांसाठी नवा अहवाल तयार करायला बसा.