मुंबईत जेवावे कोठे?

ओतूरची एस. टी. माळशेज घाट उतरून कल्याणच्या वाटेस लागली की, पिशवीतील भाकरीचे फडके सुटते. ही शिदोरी पहिल्या दिवसाला पुरते. दुसऱ्या दिवसापासून मुंबईत आलेल्या माणसापुढे प्रश्न उभा राहतो तो हा, की जेवावे कोठे?

या प्रश्नाचे एक जुने उत्तर त्याच्याच मुलखाने दिले आहे. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत डबे पोहोचविण्याचा व्यवसाय मांडला. पुढे जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या तालुक्यांतील माणसे त्यात शिरली. घरचे अन्न ती कचेरीतील कारकुनाच्या मेजापर्यंत नेऊ लागली. पण ज्याचे मुंबईत घरच नाही, त्याचा डबा भरावा कोणी?

त्याला आधार खानावळीचा. गिरणगावात कोकणातला व घाटावरचा कामगार कुटुंब गावी ठेवून राही. चाळीतील एखादी बाई त्याला दोन वेळा वाढी आणि पैसे पगार झाल्यावर घेई. मधल्या महिन्यात वाण्याची उधारी व सावकाराचे व्याज तिच्याच माथी. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून अशा स्त्रियांना बँकेच्या कर्जाची वाट मोकळी करून दिली. परंतु १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. जेवणाऱ्याचा पगार थांबला, तेव्हा वाढणारीची चूलही थंडावली.

खिशात थोडेबहुत असले, तर या नगरीत निवडीस तोटा नाही. घाईच्या माणसाला स्टेशनाबाहेरचा वडापाव आहे. धोबीतलावावर १९०४ पासून कयानी यांच्या इराणी हॉटेलात ब्रून-मस्का व चहा मिळतो. दादरला मामा काणे यांचे १९१० सालचे उपाहारगृह आहे. माटुंग्यास रामा नायक यांच्या १९४२ सालच्या बोर्डिंगात केळीच्या पानावर पोटभर भात वाढतात. आणि द्रव्याची चिंता नसलेल्यांसाठी अपोलो बंदरावर १९०३ साली उघडलेले ताजमहाल हॉटेल आहेच.

मात्र एके काळी नुसते पैसे असून भागत नसे. कित्येक ठिकाणी जेवणाऱ्याची जात आधी विचारीत, आणि अस्पृश्य मानलेल्या माणसाला नाणे हातात असूनही बाहेरच उभे राहावे लागे. २६ जानेवारी १९५० रोजी संपूर्ण राज्यघटना अंमलात आली. तिच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे व हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख करून तेथे जातीवरून मज्जाव करण्यास बंदी घातली आहे. भाकरीची गोष्ट घटनाकारांना क्षुल्लक वाटली नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

कायद्याने दार उघडले. पण रिकाम्या खिशाने आत कसे जावे? बरोबर सत्तर वर्षांनी, २६ जानेवारी २०२० रोजी, महाराष्ट्र सरकारने शिवभोजन योजना सुरू केली. दहा रुपयांत दोन पोळ्या, भाजी, डाळ आणि भात असे तिचे आरंभीचे स्वरूप होते.

शहराची श्रीमंती ताजमहालाच्या मेजावरून सहज दिसते. त्याची माणुसकी मात्र पाहावी ती, शिदोरी संपलेल्या परक्या माणसाला कोणी ताठ मानेने बसवून वाढतो की नाही, यावरून.