एका संख्येचे दोन अवयव
(राष्ट्रीय गणित दिनी शाळेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



दोनला दोनने गुणत जावे आणि येणाऱ्या प्रत्येक गुणाकारातून एक वजा करावा, की ३, ७, १५, ३१, ६३, १२७ अशी संख्यांची माळ तयार होते. दोनचा घातांक २, ३, ५ किंवा ७ ही मूळ संख्या असेल, तर येणारे उत्तरही मूळ संख्याच असते: ३, ७, ३१, १२७. नियम हाती लागला असे वाटावे, तोच अकराव्या घाताला तो मोडतो. तेथे येणारी २०४७ ही संख्या म्हणजे २३ गुणिले ८९.

असे कोणकोणते घातांक मूळ संख्या देतात, याची २५७ पर्यंतची यादी फ्रान्समधील धर्मगुरू मारँ मर्सेन यांनी १६४४ साली प्रसिद्ध केली. तीत ६७ हा घातांक होता. त्याची संख्या २१ अंकी आहे: १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. पुढे १८७६ मध्ये एदुआर ल्यूका यांनी ही संख्या मूळ नसल्याचे सिद्ध केले. मात्र त्यांच्या रीतीने अवयव आहेत एवढेच कळले. ते कोणते, हे कळले नाही.

ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्क येथे अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल यांनी ते अवयव मांडले. असे सांगतात, की एक शब्दही न उच्चारता त्यांनी फळ्याच्या एका बाजूस दोनचा सदुसष्टावा घात काढून एक वजा केला आणि दुसऱ्या बाजूस १९,३७,०७,७२१ ला ७,६१,८३,८२,५७,२८७ ने गुणले. दोन्ही उत्तरे अंकन्‌अंक जुळली आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. या शोधासाठी तीन वर्षांचे रविवार खर्ची पडले, असे कोल यांनी नंतर सांगितल्याची आख्यायिका आहे.

हा शोध अंधारातला नव्हता. या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव १३४ च्या पटीत एक मिळवून येणारा असावा लागतो. परंतु कोल यांना सापडलेला लहान अवयव १३४ च्या १४,४५,५८० पटीत एक मिळवल्यावर येतो! वाट ठाऊक असली, तरी ती किती लांब होती, हे यावरून कळते.

आज संगणक हे अवयव क्षणार्धात देतो. मग त्या रविवारांचे मोल काय? अवयव शोधायला वर्षे लागली, पण पडताळायला ज्याला गुणाकार येतो असा कोणताही विद्यार्थी, पाटी आणि थोडा निवांत वेळ पुरतो. मर्सेन यांचे नाव मोठे होते म्हणून यादी खरी ठरली नाही, आणि कोल यांचे उत्तरही त्यांच्या नावावर मान्य झाले नाही. पालकहो, पाल्याने तयार उत्तर दाखवले, की ‘बरोबर आहे का?’ एवढेच न विचारता ‘पडताळून पाहिलेस का?’ असेही विचारावे. थोरांचे म्हणणेही तपासून पाहण्याचा अधिकार गणित लहानातल्या लहान मुलाला देते. तो त्याच्याकडून कोणत्याही यंत्राने हिरावून घेऊ नये.