'रेंज' या शब्दाविषयी



दरवर्षी या दिवशी शिकलेल्या बायका बोलतात आणि आम्ही ऐकतो. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले. मी म्हटले, "माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इंग्रजी पाचवीला सुरू झाले आणि सातवीला संपले. मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "रोज तोंडात असते त्यावरच बोला." मग माझ्या मनात आले की आपल्या मुलचेऱ्यात मराठी, बंगाली, तेलुगू, माडिया अशा कितीतरी भाषा बोलतात, पण एक इंग्रजी शब्द मात्र सगळ्यांच्या तोंडी सारखाच आहे, तो म्हणजे 'रेंज'.

हा शब्द आपल्याकडे फोनबरोबर आला असे मुलींना वाटते. तसे नव्हे. तो जंगलाबरोबर आला. इंग्रज सरकारने 1864 साली वनखाते उभे केले आणि जंगलाच्या वाटण्या केल्या. डिव्हिजनच्या पोटात रेंज, रेंजच्या पोटात राऊंड आणि राऊंडच्या पोटात बीट. रेंज सांभाळणारा तो रेंजर. आता कचेरीच्या पाटीवर 'वनपरिक्षेत्र अधिकारी' असे शुद्ध मराठीत लिहिलेले असते. पण परिक्षेत्र म्हटले तर गावात कोणी वाट दाखवणार नाही. 'रेंज ऑफिस' म्हणा, लहान पोरगेसुद्धा नेऊन सोडील. बीटचेही तसेच. शहरची माणसे बीट खातात, आपल्याकडे बीटवर गार्ड असतो.

मूळ शब्दाचा अर्थ ओळ किंवा रांग असा आहे. फ्रेंच भाषेतून तो इंग्रजीत गेला. म्हणून डोंगरांच्या रांगेलाही रेंज म्हणतात. पुढे 'इथपासून तिथपर्यंत' असा अर्थ त्याला चिकटला. बंदुकीची गोळी जाते तिथपर्यंत तिची रेंज. गायकाचा आवाज खालून वर जाईल तेवढी त्याची रेंज. आष्टीच्या किंवा अहेरीच्या दुकानात गेलो की दुकानदार विचारतो, "ताई, कोणत्या रेंजमधली साडी दाखवू?" म्हणजे आपल्या बटव्याची लांबी किती, हे तो सभ्यपणे विचारतो. मराठीत आपण यासाठी निरनिराळे शब्द वापरतो. गोळीचा पल्ला, किमतीचा आवाका, डोंगराची रांग. इंग्रजाने एकाच शब्दावर सगळे भागवले. मला आपली रीत अधिक बरी वाटते, कारण पल्ला म्हटले की बंदूकच डोळ्यांपुढे येते, साडी येत नाही.

आता आमच्या घरची गोष्ट सांगते. सासूबाईंच्या तरुणपणी 'रेंज आली' याचा अर्थ रेंजची माणसे आली असा होता. डोक्यावर सरपणाची मोळी असलेल्या बाईला हा शब्द ऐकला की धडकी भरायची. मोळी झुडपात टाकून ती वाट सोडून पळायची. नेमका गुन्हा काय, हे तिलाही ठाऊक नसे. पुढे आमच्या घरी फोन आला. एके दिवशी माझी लेक अंगणातून ओरडली, "आई, रेंज आली!" सासूबाई चुलीपुढे बसल्या होत्या. त्या ताडकन उठल्या आणि म्हणाल्या, "सूनबाई, लाकडं न्हाणीमागं टाक वो, लवकर!" आम्ही पोट धरून हसलो. त्या मात्र हसल्या नाहीत. रात्री जेवताना हळूच म्हणाल्या, "तुमाले हसू येते, पन आमी लय पळलो त्या शब्दापाई." मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

हे भय कमी व्हायला कायदा यावा लागला. वनहक्क कायदा 2006 सालचा. आपल्याच जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाले आणि 2011 साली बांबूच्या वाहतुकीचे पासबुक ग्रामसभेच्या हाती आले. म्हणजे रेंजच्या आत गावालाही जागा झाली.

फोनच्या रेंजची कथा मात्र निराळी आहे. ती आपल्याला पळवत नाही, आपल्यालाच तिच्यामागे पळावे लागते. एका पावसाळ्यात माझ्या पुतण्याच्या बायकोला मध्यरात्री कळा सुरू झाल्या. त्यांच्या टोल्यात घरात रेंज नाही. हापशीच्या पलीकडे मोहाचे झाड आहे, त्याखालच्या दगडावर उभे राहिले तरच ती मिळते. पुतण्या एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन तिथे उभा. 108 ला फोन लागला. तिकडून तालुका विचारला, गाव विचारले, आणि गावाचे नाव सांगता सांगता आवाज तुटला. पुन्हा लावला, पुन्हा तुटला. तिसऱ्या खेपेला गाव समजले. तोवर इकडे पोरीचे हातपाय गार पडले होते. सासूबाईंनी तिच्या तळपायांना गरम राख कापडात बांधून शेकले आणि मी तिला धरून बसले. गाडी आली तेव्हा उजाडत होते. बाळ वाटेतच, गाडीतच झाले. दोघेही सुखरूप आहेत, पण त्या दोन-तीन तासांत माझे केस पांढरे झाले असे मी समजते.

त्या रात्री पुतण्या दगडावरून ओरडला होता, "आली, आली, रेंज आली!" आणि सासूबाई दारात येऊन त्यालाच ओरडून म्हणाल्या, "आली तं सोडू नको रे तिले!"

परत येताना मी त्यांना विचारले की या फोनच्या रेंजला आपल्या भाषेत काय म्हणावे? त्या म्हणाल्या, "हाक. हाक पोचली तं पोचली, नाई तं नाई." हाकेच्या अंतरावर असे आपण म्हणतोच. पंडितांनी याहून चांगला शब्द काढला तर काढोत, आमच्या घरात हाच चालतो.

आता मंडळापुढे एक काम ठेवते. मी मंडळाच्या वहीत मागचे एक पान उघडून ठेवले आहे. कोणत्या टोल्यात, कोणत्या झाडाखाली किंवा कोणत्या टाकीजवळ हाक पोचते, ते त्यात लिहायचे आहे. सात जागा लिहून झाल्या आहेत. ज्यांच्या घरी यंदा बाळंतपण आहे त्यांनी ती वाट आधी दिवसा आणि मग एकदा रात्री कंदील घेऊन चालून पाहावी. बाकीच्या भगिनींनी आज घरी जाण्यापूर्वी आपापल्या टोल्याची जागा मला सांगावी. वही चहाच्या टेबलाजवळ ठेवली आहे, पेन्सिल दोऱ्याने बांधलेली आहे.